पहिल्याच ठोशाकडे परत

शोतोकान कराटेच्या वर्गात नव्या विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीला जे शिकवतात, त्यात ओइ-झुकी हमखास असते. एक पाऊल पुढे टाकायचे आणि जो पाय पुढे गेला त्याच बाजूच्या मुठीने समोर सरळ ठोसा मारायचा, एवढीच ती क्रिया आहे. आठवड्याभरात ती बघणाऱ्याला ओळखू येईल इतपत जमते, दोन-तीन महिन्यांत परीक्षेपुरती जमते, आणि त्यानंतर नव्या काता (एकट्याने करायचे, ठरलेल्या क्रमाच्या हालचालींचे संच), नव्या लाथा आणि जोडीने करायचे सराव यांच्या गर्दीत ती अंग गरम करण्यापुरती उरते. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेची तयारी सुरू झाली, तेव्हा आमच्या सरांनी आम्हा वरच्या बेल्टच्या विद्यार्थ्यांना नेमके याच ठोशाकडे परत नेले आणि एक अख्खा पावसाळा व त्यापुढचा हिवाळा त्याच्यासह मोजक्या प्राथमिक क्रियांवर घालवला. पाया पक्का हवा असे सगळेच म्हणतात. पण त्या पायावर पुन्हा पुन्हा काम केल्याने शरीरात काय बदलते, हे सहसा कोणी तपशिलात सांगत नाही. मला ते त्या काळात अनुभवायला मिळाले, म्हणून येथे लिहिते आहे.

आमचा वर्ग नाशिकमध्ये एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी भरतो. खाली कोटा फरशी आहे, बाके एका भिंतीशी रचून ठेवलेली असतात आणि पावसाळ्यात फरशीला इतका दमटपणा येतो की सरावाआधी ती दोनदा पुसावी लागते. मी कराटे सुरू केले ते नोकरी आणि घर सांभाळून, पस्तिशी उलटल्यावर. माझ्याबरोबर वरच्या गटात इंजिनिअरिंगचे दोन विद्यार्थी, एक फिजिओथेरपिस्ट आणि शाळेतल्या काही मुली होत्या. आम्ही सगळे त्या वेळी बासाई दाई ही काता बसवत होतो आणि परीक्षेपर्यंतचा काळ त्या कातेवर आणि मोकळ्या लढतीवर, म्हणजे जियु कुमितेवर, जाईल अशी आमची अपेक्षा होती. जूनच्या सुरुवातीला सर म्हणाले, “काता थांबवा. आता किहोन. मी सांगेपर्यंत फक्त किहोन.” किहोन म्हणजे पवित्रे, ठोसे, बचाव अशा प्राथमिक क्रियांचा सराव. एका मुलाने विचारले, “सर, पण परीक्षेत काता आहे ना?” सर म्हणाले, “आहे. आणि परीक्षक सगळ्यात आधी तुमचे पाय बघणार आहेत.”

सर मूळचे कोल्हापूरकडचे. कराटे त्यांच्या आयुष्यात कॉलेजात आले. त्याआधी ते गावच्या तालमीत जात असत. वस्तादांनी एकही डाव दाखवण्याआधी त्यांच्याकडून कित्येक दिवस फक्त हौदा खणून घेतला, जोर मारून घेतले आणि बैठका काढून घेतल्या. मैदाने मारून आलेले पैलवानही पहाटे त्याच मातीत तीच मेहनत करताना त्यांनी पाहिले होते. त्यामुळे प्राथमिक सराव ही नवख्यांची गोष्ट आहे, ही कल्पनाच त्यांच्या मनात कधी शिरली नसावी. ते हे भाषण म्हणून कधी सांगत नाहीत. वर्ग सुरू होण्याच्या आधी ते स्वतः सभागृहाच्या एका कडेने ओइ-झुकी मारत जातात आणि दुसऱ्या कडेने परत येतात, हे मात्र आम्ही रोज पाहतो.

पहिले कित्येक दिवस आम्ही ठोसा असा मारलाच नाही. झेनकुत्सु-दाची या पवित्र्यात नुसते उभे राहायचे होते. पुढचा गुडघा वाकलेला, त्यातून ओळंबा सोडला तर तो अंगठ्याच्या मुळाशी पडेल इतका. मागचा पाय ताठ आणि त्याची टाच जमिनीला टेकलेली. दोन्ही पावलांत आडवे अंतर खांद्यांच्या रुंदीएवढे. आणि शरीराचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायावर. हे वर्णन आम्हाला पाठ होते. मग सरांनी जोड्या लावल्या. एकाने ठोसा पूर्ण झालेल्या स्थितीत उभे राहायचे, दुसऱ्याने त्याच्या मुठीवर तळहात ठेवून दाब हळूहळू वाढवत न्यायचा. झटका द्यायचा नाही. या साध्या चाचणीत पवित्र्याचे सगळे दुवे एकामागून एक उघडे पडतात. माझे आधी मनगट किंचित वर वळले, मग खांदा कानाकडे चढला, मग कमरेला बाक आला आणि शेवटी मागची टाच उचलली गेली. दुरुस्ती त्याच क्रमाने होत गेली. मनगट सरळ राहिल्यावर दाब खांद्यापर्यंत आला. खांदा खाली बसवल्यावर तो कमरेपर्यंत पोहोचला. ओटीपोट किंचित आवळून कमरेचा बाक काढल्यावर तो मागच्या मांडीत उतरला. आणि टाच रोवलेली राहिली, तेव्हा समोरच्या मुलीने सगळे वजन टाकूनही माझी मूठ जागची हलली नाही. ठोशाची ताकद जमिनीतून येते हे वाक्य मी पहिल्या वर्षापासून ऐकत आले होते, आणि त्या संध्याकाळी ते मला माझ्या टाचेत जाणवले.

याच दिवसांत आमच्या गटातल्या फिजिओथेरपिस्टने माझा पुढचा गुडघा आतल्या बाजूला पडतो, हे दाखवून दिले. वेगात पुढे जाताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. स्थिर उभे राहिल्यावर आणि समोरून पाहिल्यावरच ते दिसते. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहील अशी सवय लावायला बरेच आठवडे गेले, आणि त्यानंतर जिने उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला जी कळ येत असे ती कमी होत गेली. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने कराटे करायचे असेल, तर पवित्र्याच्या सरावाला हेही एक कारण पुरेसे आहे असे मला वाटते. चुकीच्या रेषेत वाकलेला गुडघा हजारो पावलांचा भार सहन करत राहतो आणि त्याचा हिशेब नंतर देतो.

पवित्रा टिकू लागल्यावर पाऊल टाकणे आले. सर डोक्याच्या उंचीवर बांबूची काठी आडवी धरत आणि आम्ही तिच्याखालून एका पवित्र्यातून दुसऱ्या पवित्र्यात जायचो. दोन्ही पावले एकमेकांजवळ येतात, त्या क्षणी गुडघे आपोआप सरळ होऊ पाहतात आणि डोके काठीला लागते. हे डोके वर येणे दिसायला किरकोळ असले तरी लढतीत ते फार महाग पडते, कारण समोरच्याला हात हलण्याआधीच हल्ल्याची सूचना मिळते. शिवाय वर-खाली होण्यात जी शक्ती खर्च होते ती पुढे जात नाही. काठीनंतर पट्ट्याचा सराव झाला. जोडीदाराने मागून आपला पट्टा धरून ठेवायचा आणि आपण त्याला ओढत पाऊल टाकायचे. तेव्हा लक्षात येते की पुढे जाणारा पाय पुढे नेण्याचे काम फारसे करतच नाही. ते काम जमिनीवर रोवलेला पाय करतो. तो आधी शरीराला ओढून घेतो आणि शरीर त्याच्यावरून पुढे गेले की मागून ढकलतो. पट्टा धरलेला असताना पुढचा पाय उचलून फेकण्याचा प्रयत्न केला, की आपण जागच्या जागी लटपटतो. उभ्या पायाच्या टाचेने फरशी मागे रेटली की जोडीदारासकट पुढे जातो. बहुतेकांचे पुढचे पाऊल निघण्याआधी बाहेरच्या बाजूला वळते आणि तिथेच अर्धा क्षण वाया जातो. या सरावात तेही आपोआप कमी झाले, कारण पाऊल वळवले की रेटा मिळत नाही.

हातांचा क्रम सगळ्यात शेवटी लागला. पाय आणि हात एकदमच निघाले, तर पाऊल टेकायच्या आत ठोसा संपतो आणि त्यात शरीराचे वजन येत नाही. म्हणून ठोसा उशिरा निघायला हवा: पाऊल जवळजवळ पोहोचत आले की कोपर बरगड्यांना घासत पुढे जाते, मूठ शेवटच्या टप्प्यात फिरते, दुसऱ्या हाताची मूठ त्याच क्षणी कमरेशी येऊन थांबते, टाच बसते आणि सगळे शरीर एका क्षणापुरते आवळले जाऊन लगेच सैल होते. मागे येणाऱ्या या हाताला हिकिते म्हणतात. आमच्या गटातल्या मुलांना कॅनव्हासच्या जाड गीच्या, म्हणजे कराटेच्या पोशाखाच्या, बाहीचा ‘फट्’ असा आवाज फार आवडे आणि तो आवाज आला की ठोसा चांगला झाला असे ती समजत. सरांनी एके दिवशी सगळ्यांना बाह्या कोपराच्या वर दुमडायला लावल्या. आवाज बंद झाला आणि मग प्रत्येकाला ठोसा कुठे थांबतो, मुठीची पहिली दोन पेरे समोर येतात की नाही, कोपर बाहेर फाकते की काय, हे डोळ्यांनी पाहावे लागले. मला ती युक्ती फार आवडली. आजही एकटीने सराव करताना मी बाह्या दुमडूनच उभी राहते.

या सरावाचा एक नियम होता, आणि माझ्या मते सगळा फरक त्याच नियमाने पडला. प्रत्येक फेरीला लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचे. “इच, नी, सान, शी, गो” असा आकडा सुरू होण्याआधी सर सांगत, “या फेरीला फक्त मागची टाच,” किंवा “या फेरीला फक्त खांदे.” बाकी काही बिघडले तरी चालेल, पण सांगितलेली गोष्ट प्रत्येक आकड्याला तपासायची. शंभर वेळा बेसावधपणे केलेली क्रिया आहे तशीच शंभरदा पक्की होते, त्यात दोषही पक्के होतात, हे मी आधीच्या वर्षांत स्वतःच्या आणि इतरांच्याही बाबतीत पाहिले होते. एकाच गोष्टीकडे पाहत केलेली क्रिया मात्र कंटाळवाणी होऊ शकत नाही, कारण दर वेळी काहीतरी वेगळे आढळते. उजवीकडे टाच बसते, डावीकडे सुटते; पुढे जाताना बसते, वळल्यावर सुटते; पहिल्या पाच आकड्यांना बसते, पुढे दम लागला की सुटते. कंटाळा येतो तो सगळे एकदम आणि वरवर करताना. अर्थात रोज असेच एकाग्र होता येते असे नाही. दिवसभराच्या कामानंतर कित्येकदा मन घरी किंवा कार्यालयात असायचे, आणि तसे असले की सरांना ते पहिल्या दोन पावलांतच दिसायचे.

थकव्याचा उपयोग मला पूर्वी माहीत नव्हता. फेऱ्या वाढत गेल्या की आधी खांदे दमतात, कारण नवशिका असो वा जुना, ठोसा मारायला माणूस आधी खांदाच वापरतो. खांदे इतके जड होतात की त्यांनी हात पुढे फेकणे अशक्य होते, आणि त्याच सुमारास ठोसे बरे पडू लागतात. खांद्याने काम सोडल्यामुळे ते कमरेवर येते. ही गोष्ट सांगून शिकवता येत नाही. तिथपर्यंत पोहोचावे लागते, आणि तिथे पोहोचायला क्रिया इतकी साधी असावी लागते की दमलेले शरीरही ती न गोंधळता करू शकेल. अवघड कातेत दमल्यावर चाल चुकते आणि सराव तिथेच मोडतो, ओइ-झुकीत तसे होत नाही.

त्या दिवसांत मी कराटेच्या इतिहासाचेही बरेच वाचन केले, आणि त्यातून सरांच्या पद्धतीकडे पाहण्याची माझी दृष्टी अधिक मोकळी झाली. आज आपण रांगेत उभे राहून आकड्यांवर ठोसे मारतो, ती पद्धत मुख्यतः कराटे शाळांत आणि विद्यापीठांत शिरल्यावर घडत गेली. कराटेची जन्मभूमी असलेल्या ओकिनावा बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटेगुरू आन्को इतोसु यांनी शाळकरी मुलांसाठी पाच सोप्या काता रचल्या. शोतोकानमध्ये आपण त्यांनाच हेइआन म्हणतो. शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी (1868–1957) यांनी 1922 मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे ही कला जपानच्या विद्यापीठांमध्ये नेली. 1949 मध्ये स्थापन झालेल्या जपान कराटे असोसिएशनने किहोनला आजचे शिस्तबद्ध रूप देण्यात मोठा वाटा उचलला. स्वतः फुनाकोशी मात्र आन्को आझातो आणि इतोसु यांच्याकडे जुन्या पद्धतीने शिकले. रात्रीच्या वेळी आझातोंच्या अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा करायची आणि गुरूंचे समाधान होईपर्यंत दुसरी मागायची नाही, असा तो क्रम होता. तेक्की नावाच्या तीन कातांवर त्यांनी सुमारे दहा वर्षे घालवली. तेक्की शोदान ज्यांना येते त्यांना याचे मोल लगेच कळेल: तीत पवित्रा किबा-दाची हा, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखा, एकच आहे आणि हालचाल फक्त डावीकडे आणि उजवीकडे. आकड्यांवरचा सामूहिक सराव प्राचीन नाही, तेव्हा तो आहे तसाच जपला पाहिजे असा माझा आग्रह नाही. मोजक्या गोष्टींवर वर्षानुवर्षे काम करणे मात्र त्याच्याही आधीपासून चालत आले आहे, आणि पद्धत बदलली तरी ते टिकलेले आहे.

पाऊस ओसरल्यावर गोहोन कुमिते सुरू झाले. हा जोडीचा सराव अगदी खालच्या बेल्टला शिकवतात: हल्ला करणारा पाच पावले पुढे येत पाच ओइ-झुकी चेहऱ्याच्या दिशेने मारतो, बचाव करणारा पाच पावले मागे जात आगे-उकेने हात वर उचलून ते अडवतो आणि शेवटी ग्याकु-झुकीने, म्हणजे मागच्या हाताने, उलट ठोसा मारतो. कोण कधी काय करणार हे सगळे ठरलेले असते. माझा जोडीदार इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, माझ्यापेक्षा बराच उंच आणि पायाने लांब. पूर्वी त्याच्याबरोबर हा सराव करताना तिसऱ्या पावलापर्यंत आमच्यातले अंतर बिघडत असे. त्याचे पाऊल मोठे, माझे लहान, आणि ते भरून काढण्यासाठी मी पुढे झुकत असे. आता उभ्या पायाने शरीर रेटायची सवय लागल्यामुळे माझे पाऊल न झुकताही त्याच्यापर्यंत पोहोचू लागले. पाच पावलांनंतरही मूठ त्याच्या हनुवटीपासून बोटभर अंतरावर थांबत होती. त्याच महिन्यात केव्हातरी तो म्हणाला, “ताई, तुमचा ठोसा कधी निघतो ते हल्ली कळतच नाही. आकडा पडतो आणि एकदम समोर असतो.” मी वेग वाढवण्यासाठी वेगळे काहीही केलेले नव्हते. डोके वर येणे थांबले होते, पाऊल बाहेर वळणे थांबले होते आणि खांदा आधी हलत नव्हता. वेग त्या तिन्हींखाली दबलेला होता, तो मोकळा झाला.

दिवाळीनंतर सरांनी काता परत सुरू केल्या, आणि त्याही हेइआन शोदानपासून. 21 हालचालींची ही पहिली काता गेदान-बराई (खालच्या बाजूचा बचाव), ओइ-झुकी, आगे-उके आणि शुतो-उके (उघड्या हाताच्या कडेने बचाव) या प्राथमिक क्रियांचीच जवळजवळ सगळी बनलेली आहे, त्यामुळे ती नीट होणे अपेक्षितच होते. मला नवल वाटले ते बासाई दाईचे. मधल्या काळात ती मी एकदाही पूर्ण केली नव्हती, क्रम आठवायला पहिल्या दिवशी अडखळलेही. पण क्रम आठवल्यावर जी काता झाली ती जूनमधल्या कातेपेक्षा निराळीच होती. वळताना तोल जात नव्हता. पूर्वी ज्या जागी मी पटकन पुढच्या चालीकडे पळत असे, तिथे थांबता येत होते, कारण थांबायला खाली पाय होते.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. मोकळ्या लढतीत कोणी इतक्या लांब झेनकुत्सु-दाचीत उभे राहत नाही, हिकितेचा हात कमरेशी नेत नाही, टाच रोवून ठेवत नाही. 2021 मध्ये पार पडलेल्या तोक्यो ऑलिंपिकमधल्या कुमितेच्या लढती ज्यांनी पाहिल्या त्यांना खेळाडू चवड्यांवर हलके उसळत, दोन्ही हात पुढे ठेवून खेळताना दिसले असतील. मग तासन्‌तास टाच जमिनीला टेकवण्यात काय अर्थ आहे? माझा अनुभव असा की किहोनमधून लढतीत बाह्य आकार उतरतच नाही. उतरते ती रेषा. उभ्या पायातून मिळणारा रेटा, कमरेचे वळणे, कोपर शरीराजवळून जाणे, खांदा आधी न हलणे आणि अंतराचा अंदाज एवढ्या गोष्टी माझ्या कुमितेत उतरल्या, आणि त्या मी कुमितेत शिकू शकले नसते, कारण तिथे समोरच्या माणसाकडे पाहावे लागते आणि स्वतःच्या कमरेकडे पाहायला सवड नसते. किहोनचे लांब, खोल पवित्रे दोष मोठे करून दाखवतात. आखूड पवित्र्यात गुडघा किंचित आत पडलेला खपून जातो. लांब पवित्र्यात तो लपत नाही. मात्र एवढ्यावर समाधान मानून जे कुमिते करतच नाहीत, त्यांच्याशीही मी सहमत नाही. गोहोन कुमितेत कोणी समोर नसते तर माझे पाऊल अपुरे पडते आहे हे मला कळले नसते.

हे लिहिताना मला लहान मुलांच्या वर्गांबद्दल मनापासून काळजी वाटते. शनिवारी मी सरांना छोट्या गटात मदत करते. पालक प्रेमाने येतात, वेळ काढतात, पण त्यांचा पहिला प्रश्न बहुधा पुढचा बेल्ट कधी, हाच असतो. दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा, तिची वेगळी फी, नवा बेल्ट आणि नवी काता, असा क्रम अनेक ठिकाणी रूढ झाला आहे. त्यात किहोनला उरतो तो सुरुवातीचा थोडा वेळ. मुलांना प्राथमिक सरावाचा कंटाळा येतो म्हणून तो कमी करावा लागतो, असे कारण दिले जाते. माझा अनुभव याच्या उलट आहे. ज्या दिवशी मुलांना काठीखालून ओइ-झुकी करायला लावतो, त्या दिवशी रांगेत पुन्हा उभे राहण्यासाठी त्यांची धावपळ चालते. एकमेकांची टाच कोणाची उचलली गेली हे पाहायला ती जमिनीवर पालथी पडतात. एक मुलगी तर आईला घरी मुठीवर दाब द्यायला लावते, असे तिच्या आईनेच सांगितले. मुले कंटाळतात ती निव्वळ आकड्यांना, आणि ते मोठ्यांच्याही बाबतीत खरे आहे. शिकवणाऱ्याने दर फेरीला काय पाहायचे हे सांगण्याचे कष्ट घेतले, तर त्यांना तोच ठोसा पुन्हा मारायला काही अडचण नसते.

परीक्षा फेब्रुवारीत झाली. सुरुवातीलाच सानबोन-झुकी होती, म्हणजे एका पावलात सलग तीन ठोसे, त्यातला पहिला ओइ-झुकीच. पुढे बचावाच्या क्रिया, माए-गेरी (समोरची लाथ), काता आणि शेवटी कुमिते. मी उत्तीर्ण झाले. निकाल सांगताना परीक्षकांनी माझ्याबद्दल एवढेच म्हटले की पवित्रे चांगले आहेत आणि डावीकडच्या ग्याकु-झुकीत कंबर उशिरा वळते. ते अगदी बरोबर होते आणि ते ऐकताना मला आनंदच झाला, कारण पुढच्या कामाचा पत्ता मिळाला.

सध्या तेच काम चालू आहे. घरी रोजच्या सरावाचा पहिला भाग डाव्या ग्याकु-झुकीला दिलेला आहे: एक काठी कमरेमागे आडवी धरायची, दोन्ही हातांनी ती तिथेच दाबून ठेवायची आणि हातांचा ठोसा न मारता नुसती कंबर हानमीतून, म्हणजे तिरक्या स्थितीतून, समोर आणायची, म्हणजे काठीच्या टोकावरून ती किती वळली आणि केव्हा वळली ते आरशात दिसते. मार्चमध्ये सरांनी मागचे पाऊल आणखी थोडे पुढच्या दिशेला वळवून पाहायला सांगितले. त्यामुळे कमरेला फिरायला जागा मिळते आहे आणि काठीचे टोक पूर्वीपेक्षा बरेच पुढे येते आहे. पण पाऊल तसे वळवले की माझ्या डाव्या घोट्याला ताण पडतो आणि टाच पुन्हा सुटू लागते. म्हणून गेले काही दिवस पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडण्याचा व्यायाम सुरू केला आहे, आणि टाच राहील तेवढ्याच कोनात पाऊल वळवून आकडे मोजते आहे.